पुनर्मुद्रण : एक उपेक्षित वाङ्मयीन कर्तव्य

पुस्तकाला मरण दोन प्रकारचें असतें. वाचकांनीं तें वाचून बाजूस सारावें हें एक. आणि तें वाचावयास कोणाच्या हातींच पडूं नये हें दुसरें. पहिल्या मरणाबद्दल ग्रंथकारानें कुरकुर करूं नये. तो वाचकांचा अधिकारच आहे. परंतु वाङ्मयाचे इतिहास लिहितांना आपण या दोन मरणांत भेद करीत नाहीं. जें आज दुकानांत मिळत नाहीं तें काळाच्या कसोटीस उतरलें नाहीं, असा सरळ हिशेब आपण मांडतों. काळ हा निःपक्षपाती न्यायाधीश आहे, ही समजूत सोयीची आहे यांत शंका नाहीं. ती खरी आहे किंवा कसें, हें मात्र एकदां साक्षीपुरावा काढून पाहिलें पाहिजे. विस्मृतींत गेलेल्या कादंबरीलेखिकांचीं पुस्तकें गेल्या पन्नास वर्षांत पुन्हां वाचकांपुढें आलीं, त्याचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे.

प्रथम इंग्लंडांतील हकीकत पाहूं. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत त्या देशांत स्त्रियांनीं लिहिलेल्या कादंबऱ्यांचें उदंड पीक आलें. त्या विकत घेणारे थोडे, वर्गणी भरून वाचणारे फार. बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीच्या दुकानांतून चालणारें फिरतें वाचनालय हें अशा वाचकवर्गाचें मोठें आश्रयस्थान होतें. तें १९६६ सालीं बंद झालें. वाचनालयाच्या जिवावर जगणारें पुस्तक तेथून निघालें कीं त्याचें आयुष्य सरलें, कारण घरोघरच्या कपाटांत त्याच्या प्रती नसतातच. त्यांत दुसरें महायुद्ध आलें. २९ डिसेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन विमानांनीं लंडनच्या पॅटरनॉस्टर रो या पुस्तकांच्या पेठेवर अग्निवर्षाव केला. त्यांत सुमारें ५० लाख पुस्तकें जळालीं असें सांगतात. कागदाचें नियंत्रण १९४९ पर्यंत चाललें. मोजून मिळणाऱ्या कागदावर काय छापावें, हा प्रश्न जेव्हां प्रकाशकापुढें येतो तेव्हां तो वाङ्मयगुणांची तुलना करीत बसत नाहीं. ज्याला गिऱ्हाईक ठरलेलें तें तो छापतो. पुढें विद्यापीठांनीं अभ्यासक्रम ठरविले ते उरल्यासुरल्या पुस्तकांतून. जेन ऑस्टिन, ब्राँटे भगिनी, जॉर्ज इलियट आणि फार तर व्हर्जिनिया वुल्फ, एवढ्या नांवांवर इंग्रज स्त्रियांच्या कादंबरीचा धडा आम्हां प्राध्यापकांच्या वर्गांत संपत असे. ज्याला आपण काळाचा निर्णय म्हणतों, त्यांत अग्नीचा, कागदाचा आणि वाचनालयाच्या हिशेबनिसाचा वांटा किती होता, हें यावरून कळून येईल.

या निर्णयावर पहिलें अपील अमेरिकेंत दाखल झालें. टिली ओल्सन ही पुढें लेखिका म्हणून प्रसिद्धीस आलेली बाई. लहानपणीं ओमाहा येथील एका जुन्या सामानाच्या दुकानांत तिनें 'अटलांटिक मंथली' या मासिकाचे जीर्ण अंक विकत घेतले. त्यांत लोखंडाच्या कारखान्यांतील मजुरांवरची, १८६१ सालची एक दीर्घकथा होती. लेखकाचें नांव छापलेलें नव्हतें. ती कथा रिबेका हार्डिंग डेव्हिस नांवाच्या स्त्रीची आहे, हें तिला कित्येक वर्षांनंतर कळलें. फ्लॉरेन्स हाउ यांनीं १९७० सालीं फेमिनिस्ट प्रेस ही प्रकाशनसंस्था काढली होती. ओल्सनच्या आग्रहावरून तिनें १९७२ सालीं ती कथा, 'लाइफ इन द आयर्न मिल्स', पुन्हां छापली. छापल्यापासून एकशेंअकरा वर्षांनीं त्या कथेला वाचक भेटले, ते भंगाराच्या दुकानांत चाळलेल्या एका अंकामुळें.

लंडनमध्यें १९७३ सालीं कार्मेन कॅलिल या ऑस्ट्रेलियांत जन्मलेल्या बाईंनीं विरागो नांवाची संस्था स्थापिली आणि १९७८ पासून जुन्या कादंबऱ्यांची माला सुरू केली. पहिलें पुस्तक अँटोनिया व्हाइट यांची १९३३ सालची 'फ्रॉस्ट इन मे'. लेखिका तेव्हां हयात होत्या. दोनच वर्षांनीं त्या वारल्या. या मालेची पद्धति लक्षांत घेण्याजोगी आहे. पंडितांसाठीं टीपांनीं लादलेली महाग आवृत्ति काढावयाची नाहीं. आगगाडींत वाचतां येईल असें स्वस्त, देखणें पुस्तक काढावयाचें. पाठीचा रंग सर्वांचा हिरवा, म्हणजे फळीवर माला दुरून ओळखूं यावी. आणि प्रत्येक पुस्तकास जाणत्या लेखकाची छोटी प्रस्तावना. वाचक एका पुस्तकासाठीं येई आणि रंगाच्या ओळखीनें दुसरें घेऊन जाई. अनोळखी लेखिकेची हमी तिच्या शेजारणी देत.

या उद्योगानें केवळ कपाटें भरलीं नाहींत, इतिहासहि दुरुस्त झाला. डॉरोथी रिचर्डसन यांच्या 'पिल्ग्रिमेज' या दीर्घ कादंबरीचा पहिला भाग १९१५ सालीं निघाला. मनांतील विचारांचा अखंड प्रवाह हीच कथा, अशी ती रचना. 'संज्ञाप्रवाह' ज्याला आपण म्हणतों ती इंग्रजी संज्ञा कादंबरीच्या संबंधांत प्रथम योजिली गेली ती याच ग्रंथाबद्दल, १९१८ सालीं. आणि योजिली तीहि मे सिंक्लेअर या दुसऱ्या कादंबरीलेखिकेनें. असें असतां संज्ञाप्रवाह म्हटला कीं आपल्या ओठांवर जॉइसचें नांव येई. १९७९ सालीं विरागोनें 'पिल्ग्रिमेज' चार खंडांत छापली, आणि सिंक्लेअर यांच्या कादंबऱ्याहि पुढें मालेंत आल्या. मूळ पुस्तक हातीं आल्यावांचून हा अन्याय कोणी कितीहि व्याख्यानें दिलीं तरी दूर झाला नसता.

परंतु उद्धारकर्त्यांचेंहि न्यायासन असतें, आणि त्यासमोरहि कोणी हरतें. डॉरोथी व्हिपल ही घरगुती जीवनावर साध्या भाषेंत लिहिणारी, एके काळची लोकप्रिय कादंबरीकार. विरागोच्या निवडसमितींत तिच्या नांवाची एक मर्यादारेषाच ठरली होती: या रेषेखालीं आम्ही उतरणार नाहीं! पुढें निकोला बोमन यांनीं १९९९ सालीं पर्सेफनी ही संस्था काढली. गंमत अशी कीं दोन युद्धांमधील लेखिकांवरचा बोमन यांचा स्वतःचा ग्रंथ १९८३ सालीं विरागोनेंच छापला होता. त्यांच्या मालेंतील तिसरेंच पुस्तक व्हिपलची १९५३ सालची 'समवन अॅट अ डिस्टन्स' होतें. वाचकांनीं तें उचलून धरलें आणि व्हिपलचीं इतर पुस्तकेंहि एकामागून एक निघालीं. याच संस्थेनें २००० सालीं विनिफ्रेड वॉटसन यांची १९३८ ची 'मिस पेटिग्रू' ही विनोदी कादंबरी छापली, तेव्हां लेखिका नव्वदी ओलांडलेल्या होत्या. आपलें पुस्तक परत आलेलें पाहून त्या २००२ सालीं वारल्या.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो गैरवाजवी नाहीं. विस्मृत पुस्तकांपैकीं पुष्कळ विस्मृतीसच योग्य असतात. लेखिकेचीं म्हणून तीं बाहेर काढणें हा वाङ्मयाच्या नांवावर केलेला दानधर्म नव्हे काय? उत्तर असें कीं पुनर्मुद्रण ही गौरवपत्रिका नसून फेरतपासणी आहे. फेरतपासणींत कांहीं निकाल कायमहि होतील. पण व्हिपलचें उदाहरण सांगतें कीं चोखंदळ माणसांची रुचि आणि वाचकांची गरज या दोहोंचा मेळ नेहमींच पडत नाहीं. म्हणून एकाच दरबारीं सगळे खटले चालूं नयेत. रेषा आंखणारे हात अनेक असावेत.

आतां आपल्या घराकडे वळूं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध १८८२ सालीं पुण्यास छापला गेला. तो कादंबरी नव्हे, पण त्याची कथा याच जातीची आहे. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेस बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेच्या निमित्तानें तो लिहिलेला. महात्मा फुल्यांनीं त्याची बाजू घेतली. नंतर तो जो बुडाला तो ९३ वर्षें वर आला नाहीं. १९७५ सालीं डॉ. स. गं. मालशे यांनीं तो पुन्हां छापला. पुढें सूझी थारू आणि के. ललिता यांनीं भारतीय लेखिकांचा दोन खंडांचा इंग्रजी संग्रह केला. त्याचा पहिला खंड १९९१ सालीं निघाला आणि त्यांत ताराबाईंना स्थान मिळालें. तो खंड न्यूयॉर्कास ज्या संस्थेनें काढला, ती रिबेका डेव्हिसला परत आणणारी फेमिनिस्ट प्रेसच. मालशांनीं पुनर्मुद्रण केलें नसतें तर बुलढाण्याचा आवाज तेथवर पोंचला नसता.

कादंबरीच्या बाबतींत मात्र आमचें खातें थकलेलें आहे. साळूबाई तांबवेकरांची 'चंद्रप्रभाविरहवर्णन' १८७३ ची. शाळेचा उंबरठा न ओलांडतां शिकलेल्या काशीबाई कानिटकरांची 'रंगराव' १९०३ ची, आणि स्त्रियांच्या हातीं कारभार गेलेल्या संस्थानाचें चित्र काढणारी 'पालखीचा गोंडा' १९२८ ची. गीता साने यांची 'निखळलेली हिरकणी' १९३६ ची. काशीबाईंचे स्नेही हरिभाऊ आपटे आजहि पेठेंत मिळतात आणि तें योग्यच आहे. पण हरिभाऊंनीं ज्या स्त्रीजीवनाची कहाणी सांगितली, तेंच आंतून पाहणारी त्यांच्या मंडळांतील स्त्री कशी लिहीत होती, हें पडताळून पाहण्यास वाचकानें जुन्या ग्रंथालयाची पायरी झिजवावी लागते. डॉ. मीरा कोसंबी यांनीं २०१२ सालीं काशीबाई, गीता साने आदींच्या कादंबऱ्यांतील वेंचे इंग्रजींत आणून त्यांवर ग्रंथ लिहिला. अमराठी वाचकाची सोय झाली हें उत्तम. मूळ मराठीचीहि तशीच सोय व्हावयास नको काय?

काम दिसतें तितकें अवघड नाहीं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें टिकणारा स्वामित्वहक्क काशीबाईंच्या बाबतींत २००८ अखेर संपला. गीताबाई १९९१ सालीं वारल्या, तेव्हां तेथें वारसांची संमति हवी. खरी घाई कागदाची आहे. लांकडाच्या लगद्याचा त्या काळचा स्वस्त कागद आंतल्या आम्लानें ठिसूळ होतो आणि पान उलटतांना तुटतो. तेव्हां आधीं दोनतीन प्रती मिळवून पाठ जुळवावा, गळलेलीं पानें भरून काढावीं, लेखिकेचा काळ सांगणारी आठदहा पानांची प्रस्तावना जोडावी. १९६२ च्या नियमांनंतर वाढलेल्या तरुणांस जुने अनुस्वार अडखळवितात. ते गाळावयाचे कीं ठेवावयाचे (प्रस्तुत लेखकाचें मत कोणत्या बाजूस आहे हें सांगणें नको), याचा निर्णय संपादकानें एकदां करून प्रस्तावनेंत नमूद करावा. आणि एकटें पुस्तक काढूं नये, माला काढावी. विरागोच्या हिरव्या पाठीचा धडा तोच आहे.

हें सर्व करून पुढच्या पिढीनें यांतलीं निम्मीं पुस्तकें वाचून बाजूस ठेवलीं तरी खेद मानण्याचें कारण नाहीं. तो तिचा अधिकार आहे. मात्र तो बजावण्यासाठीं पुस्तक तिच्या हातीं असलें पाहिजे, आणि तें देणें हें आमच्या पिढीचें काम आहे.