चालींची ठेव

एखाद्या गाण्याची चाल डोक्यांत शिरली म्हणजे ती सहजासहजीं बाहेर पडत नाहीं. शब्द निसटतात, अर्थहि विसरला जातो. पण स्वरांचा तो लहानसा फेरा स्नानाच्या वेळीं, वाटेनें चालतांना, कामांत गढलेलों असतांहि मनाशीं घोळत राहतो. महिने लोटतात, वर्ष उलटतें, तरी त्याचा मुक्काम हालत नाहीं. मनाचा एक खोडकर चाळा म्हणून आपण हें सोडून देतों. परंतु मराठी संगीत नाटकाचा इतिहास पाहूं गेल्यास या चाळ्यानें एके काळीं केवढें काम केलें आहे, तें दिसून येईल.

३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. सातही अंकांचा संपूर्ण प्रयोग व्हावयास पुढचें वर्ष उजाडावें लागलें. कालिदासाचें नाटक मराठींत उतरवितांना अण्णासाहेबांनीं पदांची लयलूट केली. त्यांची संख्या दोनशेंच्या आसपास जाते. इतकीं पदें नटांनीं बसवावीं कशीं, आणि नाटकाचें पुस्तक घेऊन घरीं बसलेल्या वाचकानें तीं म्हणावीं कशीं? स्वरलेखन नाटकमंडळींच्या नित्याच्या वापरांत नव्हतें; आणि ध्वनिमुद्रिकांना तर अजून वीस वर्षांहून अधिक अवकाश होता.

या अडचणींतून काढलेली वाट छापील नाटकाच्या पानापानावर दिसते. पदाच्या माथ्यावर 'चाल' असा शब्द असतो, आणि त्यापुढें एखाद्या जुन्या गाण्याचे आरंभींचे दोनचार शब्द. बस्स, एवढेंच. बाकीचें सारें वाचकाच्या डोक्यांत आहे, असें नाटककार गृहीत धरतो. कोठें 'साकी' किंवा 'दिंडी' एवढेंच लिहिलें तरी भागे. साकीच्या चरणांत अठ्ठावीस मात्रा आणि दिंडीच्या चरणांत एकोणीस. पण त्या बोटांवर मोजण्याची कोणास गरज पडली नाहीं. रामनवमी, गोकुळाष्टमी आणि इतर उत्सवांचें चक्र दर वर्षीं फिरे. प्रत्येक फेऱ्याबरोबर कीर्तनकार तेच वळसे श्रोत्यांच्या कानांत पुन्हां घालून जात. कीर्तन, लावणी, कर्नाटकाकडील पदें अशा ठिकठिकाणच्या ठेवींवर अण्णासाहेबांनीं हुंडी काढली, आणि ती वटली. लोकांना नवे शब्द तेवढे शिकावयाचे होते. चाल आधींच घरची होती.

पुढें श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं 'वीरतनया'च्या द्वारें १८९६ मध्यें पारशी-उर्दू रंगभूमीवरील चालींचा ओघ मराठींत आणला. या चाली कीर्तनांतून कानीं पडलेल्या नव्हत्या. नाटक पाहून आलेल्यांनीं त्या घरीं नेल्या आणि मग त्या घरच्या झाल्या. १९०१ मध्यें भाऊराव कोल्हटकर वारले. ग्रामोफोन कंपनीनें हिंदुस्थानांतील पहिलें ध्वनिमुद्रण कलकत्त्यास केलें तें १९०२ मध्यें. म्हणजे ज्या आवाजावर महाराष्ट्र लुब्ध झाला, त्याचें मागें जें कांहीं उरलें, तें ऐकणाऱ्यांच्या कंठांत आणि स्मरणांतच उरलें.

१९११ मध्यें 'मानापमान' आलें, त्या वेळीं परिस्थिति पालटली होती. चालींचें काम गोविंदराव टेंब्यांकडे होतें. नाटककार खाडिलकर आणि संगीतकार टेंबे अशा त्या दोन वेगळ्या व्यक्ति होत्या. बालगंधर्वांचीं पदें तबकड्यांवर निघूं लागलीं. चालीला आतां स्मरणाचा आधार अवश्य राहिला नाहीं. ती विकत आणतां येऊं लागली. हा लाभ लहान नाहीं. पण 'चाल' या शब्दापुढें लिहिलेल्या त्या दोनचार शब्दांची किंमत त्याच वेळीं उतरणीस लागली.

आज एखादें जुनें संगीत नाटक उघडून पाहावें. ज्या गाण्याच्या आधारानें पद म्हणावयाचें, तें गाणेंच बहुधा आपल्याला ठाऊक नसतें. मात्र पद जर गात राहिलें असेल, तर एक चमत्कार घडतो. ऋणको जिवंत आहे आणि सावकाराचें नांव पुसलें गेलें आहे. मूळ गाण्याची चाल कशी होती, हें आतां उलट पदावरूनच कळतें! आणि जीं पदें प्रयोगांतून गळलीं, त्यांच्या बाबतींत दोन्ही वह्या कोऱ्या झाल्या. शब्द छापलेले आहेत, चालीचें नांवहि छापलेलें आहे, पण तें पान मुकें आहे.

जुन्या नाटकांच्या नव्या आवृत्त्या काढणारांनीं शब्दांचे पाठभेद अवश्य तपासावे. परंतु वृद्ध गायकनटांकडून आणि जुन्या श्रोत्यांकडून जी चाल मिळेल ती स्वरलिपींत उतरून पदाखालीं छापणें अधिक निकडीचें आहे. छापलेला शब्द पन्नास वर्षें थांबूं शकतो. डोक्यांत घोळणाऱ्या चालीला मात्र त्या डोक्याएवढेंच आयुष्य असतें.