पुढे चार, उजवीकडे वळ!

मंडळी, नेटवर्किंग शिकताना 'स्पॅनिंग ट्री' सगळ्यांनीच घोकलेलं असतं. नेटवर्कमध्ये डेटाची पाकिटं गोल गोल फिरत बसू नयेत म्हणून राडिया पर्लमनबाईंनी 1985 मध्ये काढलेली युक्ती. पण त्याच्या दहाएक वर्षं आधी, एमआयटीत विद्यार्थिनी असताना, याच बाईंनी शाळेतही न जाणाऱ्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं यंत्र बनवलं होतं, हे कितीजणांना माहीत असतं?

थोडं मागे जाऊ. सेमूर पेपर्ट हा गणिती जिनिव्हात पियाजेबरोबर पाच वर्षं होता. मुलं स्वतः करून शिकतात, हे तिथे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. 1967 मध्ये त्याने फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासोबत 'लोगो' ही भाषा बनवली. मग आलं जमिनीवर चालणारं यांत्रिक कासव. पोटात पेन. 'पुढे 100, उजवीकडे 90' असं चार वेळा सांगितलं की कागदावर चौकोन तयार!

अडचण एकच: आज्ञा टाइप कराव्या लागायच्या. चार वर्षांचं पोर काय टाइप करणार? पर्लमनबाईंनी आधी बटणांची पेटी केली, मग खाचांमध्ये कार्डं खोचायची सोय. कार्डं ओळीने लावा, झाला प्रोग्रॅम. वाचता येण्याची गरजच नाही.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या पाचोऱ्याकडची कितीतरी पोरं घरी अहिराणी बोलतात आणि शाळेत एकदम पुस्तकी मराठी समोर येते. बाण मात्र सगळ्यांना सारखाच कळतो.

आपल्याकडे काय झालं? 1984 मध्ये 'क्लास' प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. आयआयटी मुंबईत प्रा. श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी पहिलीपासूनची 'कॉम्प्युटर मस्ती' पुस्तकं केली. 2016 पासूनच्या अटल टिंकरिंग लॅब मात्र सहावीपासून पुढे. बालवाडी राहिलीच!

पाचोऱ्यात बालवाडी चालवणाऱ्या एका ताईंनी मला विचारलं, "भाऊ, रोबो घ्यायचा का? वर्गणी काढावी लागेल." मला आठवल्या ताराबाई मोडक. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी गावात मिळेल त्याच वस्तूंची साधनं केली. पद्धत ठेवली, खर्च काढून टाकला.

ताईंना म्हटलं, आधी खडूने चौकोन आखा. एक पोर रोबो, दुसरं बाणांची कार्डं मांडणार. नियम एकच: कार्डावर असेल तेवढंच करायचं. पेपर्टही मुलांना हेच सांगायचा, आधी स्वतः कासव होऊन चाला.

मग खरा रोबो कशाला? तर, पोर शहाणं असतं. भिंत आली की आपणहून थांबतं, मित्राची चूक सांभाळून घेतं. यंत्र सांभाळून घेत नाही, सरळ धडकतं. आणि वर रागावतही नाही! मग पोर स्वतःच कार्डं तपासायला बसतं. आपण ज्याला डीबगिंग म्हणतो, ते हेच. चूक म्हणजे मार नाही, शोधायची गोष्ट, हे चौथ्या वर्षी कळलं तर केवढं!

तेव्हा खडू आज आणा. वर्गणी जमली, तर अख्ख्या बालवाडीत मिळून एक रोबो पुरे. बघा पटतंय का.