ढगांवरची जागल

आमचे मॉरिसव्हिल रॅले-डरहॅम विमानतळाला अगदी खेटून आहे. वारा ज्या बाजूचा असेल त्याप्रमाणे कधी उतरणारी विमाने डोक्यावरून जातात, कधी चढणारी. इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत भारतवारीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारते, "ऑटोपायलट लावल्यावर हे लोक पुढे बसून करतात तरी काय? पेपर-बिपर वाचतात का?" प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्याच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात बरीच माणसे मेलेली आहेत. म्हणून हा लेखप्रपंच.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमान होते छोटेसे पुस मॉथ, आत टाटा एकटेच. एक हात दांड्यावर, नजर कधी नकाशावर तर कधी खालच्या किनाऱ्यावर. त्यांना वाटेत पुस्तक वाचावे का, हा प्रश्न कोणाला सुचलाही नसता.

खरे तर तो प्रश्न जन्माला घालणारे यंत्र तेव्हा तयार होते. १९१४ साली पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी नावाच्या तरुणाने जायरोस्कोपवर चालणारे यंत्र विमानात बसवून, दोन्ही हात वर करून उडून दाखवले होते. १९३३ मध्ये वायली पोस्ट असेच यंत्र घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. डुलकी लागलीच तर जाग यावी म्हणून त्याने हातात पाना धरून तो दोरीने बोटाला बांधला होता, असे सांगतात. झोप लागली की पाना हातातून सुटणार आणि बोटाला हिसका बसणार! यंत्राने हात मोकळे केले, पण डोळे उघडे ठेवण्याचे नवे काम माणसाच्या गळ्यात घातले.

हे काम किती अवघड आहे ते दुसऱ्या महायुद्धात कळले. पाणबुड्या शोधणारे रडारवाले काही वेळाने पडद्यावरचे ठिपके पाहूनही न पाहिल्यासारखे करत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक घड्याळ केले. काटा टकटक पुढे सरकायचा आणि क्वचित एकदम दोन घरे उडी मारायचा. ती उडी टिपायची, एवढेच काम. १९४८ साली त्याने निष्कर्ष छापले : पहिल्या अर्ध्या तासातच लक्ष लक्षणीय ढिले पडते. ही माणसे आळशी नव्हती, मेंदूचीच ही मर्यादा आहे.

आपल्याकडे शेतावर जागल करणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागले नाही. माळ्यावर बसलेला माणूस नुसता अंधारात टक लावून बसत नाही. गाणे म्हणतो, गोफण फिरवतो, शेजारच्या माळ्यावरच्याला हाळी देतो. मन थोडे गुंतलेले असले तरच तो जागा राहतो.

विमानात मात्र हाळी द्यायला माणसेच कमी होत गेली. आधी रेडिओवाला गेला, मग दिशादर्शक, मग फ्लाइट इंजिनियर. १९८९ मध्ये ७४७-४०० सेवेत आले तेव्हा एवढे मोठे जंबोसुद्धा दोघांवर आले.

आता आमच्या नॉर्थ कॅरोलिनाकडे येऊ. ११ सप्टेंबर १९७४ च्या सकाळी ईस्टर्न एअरलाइन्सचे डीसी-९ शार्लटला धुक्यात उतरत होते. कॉकपिटमध्ये राजकारणापासून जुन्या मोटारींपर्यंत गप्पा रंगल्या होत्या. उंचीकडे लक्ष राहिले नाही आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळले. ८२ पैकी ७२ जण गेले. अशा अपघातांतून १९८१ चा नियम आला : दहा हजार फुटांखाली अनावश्यक गप्पा नाहीत, खाणे नाही, आणि उड्डाणाशी संबंध नसलेले वाचनही नाही. वाचनाचा असा स्पष्ट उल्लेख त्यात आहे. पण पुढची गंमत पाहा. वर, सरळ उड्डाणात, हा नियम लागू नाही. म्हणजे तिथे मनाला थोडी मोकळीक लागते हे नियम करणाऱ्यांनीही धरूनच चालले होते.

मग वर वाचले तर बिघडले कुठे? २१ ऑक्टोबर २००९ ला सॅन डिएगोहून मिनिआपोलिसला निघालेले नॉर्थवेस्टचे विमान ३७ हजार फुटांवरून आपले मुक्कामाचे गाव ओलांडून सुमारे दीडशे मैल पुढे गेले. तासाहून अधिक काळ जमिनीशी बोलणे नव्हते. परिचारिकेने कधी पोहोचणार असे विचारले तेव्हा दोघे भानावर आले. ते लॅपटॉपवर कंपनीची ड्यूटी ठरवण्याची नवी पद्धत समजून घेत होते. परवाने रद्द झाले, आणि २०१४ मध्ये अमेरिकेने कॉकपिटमध्ये खाजगी कामासाठी लॅपटॉप, फोन वापरण्यावर बंदी घातली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईहून ब्रसेल्सला निघालेले जेट एअरवेजचे विमान तुर्कस्तानवर असताना सुमारे पाच हजार फूट खाली आले. कप्तान नियमाने मिळणारी विश्रांती घेत होते आणि सहवैमानिक टॅब्लेटवर विमानाचीच कागदपत्रे पाहत होत्या, असे तेव्हा समोर आले. अंकाराच्या नियंत्रकांनी विचारल्यावर उलगडा झाला.

या दोन्ही प्रसंगांत कोणीही कादंबरी वाचत नव्हते! एकीकडे ड्यूटीचा तक्ता, दुसरीकडे विमानाचीच कागदपत्रे. म्हणजे करमणूक की काम, ही सीमारेषाच चुकीच्या जागी आखली आहे. खरा प्रश्न असा की दोघांपैकी एकजण तरी विमानात "हजर" होता का? पहिल्या वेळी दोघेही एकाच पडद्यात बुडाले, दुसऱ्या वेळी एक झोपेत आणि एक पडद्यात.

उलट बाजूही विसरून चालणार नाही. २२ मे २०१० ला मंगळूरला १५८ माणसे गेली. त्या विमानाचे कप्तान बराच वेळ झोपले होते आणि उतरण्याच्या सुमारास झोपेची गुंगी पुरती गेली नव्हती, असे चौकशीत म्हटले आहे. तेव्हा "काही वाचू नका, नुसते समोर बघा" असा हुकूम काढला की सुरक्षितता आली, असे समजणे म्हणजे मॅकवर्थचे घड्याळ विसरणे.

आणि संकट आले की किती वेळ मिळतो? १३ डिसेंबर १९९४ च्या संध्याकाळी अमेरिकन ईगलचे छोटे विमान इथेच, मॉरिसव्हिलमध्ये पडले. इग्निशनचा दिवा लागला आणि कप्तानाने इंजिन बंद पडले असे धरून चालले. इंजिन शाबूत होते. पुढच्या थोड्याशा वेळात विमान सावरता आले नाही आणि वीसपैकी पंधरा जण गेले. तिथे कोणी वाचत नव्हते, विमान उतरतच होते, तरी एका दिव्याचा अर्थ चुकला. मग कादंबरीच्या ऐन रंगलेल्या प्रकरणातून बाहेर येणाऱ्याचे काय होईल, याची कल्पना करावी.

म्हणून माझे मत असे. सरळ उड्डाणात एका वेळी एकानेच वाचावे, तेही कागदावरचे आणि केव्हाही खाली ठेवता येईल असे. सुरू करण्याआधी दुसऱ्याला तसे सांगावे आणि त्याने "विमान माझ्याकडे" असे मोठ्याने म्हणावे. दुसरा विश्रांती घेत असेल तर वाचन नाही, मग ते कंपनीचे का असेना. आणि ठराविक वेळाने दोघांनीही इंधन, उंची आणि रेडिओ तपासावा. माळ्यावरचा जागल्या गाणे म्हणतो म्हणून कोणी त्याला रागावत नाही. गाणे म्हणताना डुक्कर शेतात शिरल्याचे ऐकू आले पाहिजे, एवढीच अट असते.