आखाड्यातील साधनांची पूजा

आखाड्यातील साधनांची पूजा : आखाड्यात किंवा तालमीत रोज हाताळली जाणारी साधने (माती, फिरवायची जोडी, करेला, मुद्‌गल, लेझीम, मल्लखांब) पूज्य मानून त्यांची निगा राखण्याची महाराष्ट्रातील प्रथा. आखाड्याचे दैवत मारुती; वर्धा-अमरावतीकडेही तोच. मुख्य पूजा खंडेनवमी-दसऱ्याला होते. साधने पुसून, तेलपाणी करून मारुतीपुढे मांडतात, हळदकुंकू व झेंडू वाहतात आणि त्या दिवशी ती फिरवत नाहीत. मातीची पूजा पुष्कळ ठिकाणी नागपंचमीला होते.

माती : आखाड्याची माती चाळून, खडे काढून घेतात, तिच्यात ताक, तेल, हळद व लिंबाचा रस मुरवतात. ती रोज फावड्याने उकरावी लागते. हे काम पहिलवान स्वतः करतात आणि ते व्यायामातच मोडते. चपला बाहेर काढून उतरणारा गडी प्रथम चिमूटभर माती कपाळी लावतो. जोड लागताना एकमेकांच्या अंगावर माती टाकतात; तिने घाम टिपला जातो व पकड बसते. येथे उपयोग आणि आदर वेगळे काढता येत नाहीत, आणि हेच या प्रथेचे मर्म होय.

मल्लखांब : सर्व साधनांत याचा मान मोठा. खांब सागाचा किंवा शिसवीचा. बुंध्याशी जाड, वर निमुळता, त्यावर मान व बोंड. पुरलेल्या खांबाची जमिनीवरील उंची सुमारे 2.6 मी. त्याला एरंडेल चोळतात. तेल रोज जिरून आणि अंगाच्या घासणीने लाकूड गुळगुळीत, काळसर होते. असा मुरलेला खांब जुन्या तालमी सहसा बदलत नाहीत. चढण्यापूर्वी खांबाला हात लावून तो कपाळी नेतात. सध्याच्या मल्लखांबविद्येचे प्रवर्तक म्हणून दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांचे नाव घेतात. मारुतीने त्यांना दृष्टांत दिल्याची कथा परंपरेत आहे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त या व्यायामाचे मूळ शोधणारेही आहेत.

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना 1914, संस्थापक अंबादासपंत व अनंत वैद्य हे बंधू) विदर्भात मल्लखांबविद्येचे प्रमुख केंद्र ठरले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. आखाड्यातली साधने त्यामुळे परदेशी प्रेक्षकांसमोर गेली, ही घटना फार मोलाची आहे.

लेझीम : लाकडी दांडा, लोखंडी साखळी व चकत्या. पूर्वी धनुर्धराच्या सरावाचे साधन; पुढे सांघिक कवायतीत व मिरवणुकीत रुळले.

गदा : मारुतीचे आयुध म्हणून पूज्य. 1961 पासून होणाऱ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत विजेत्याला चांदीची गदा देण्याची प्रथा पडली आहे.

वर्धा जिल्हा : देवळी हे कुस्तीचे गाव. माजी खासदार व कुस्तीगीर रामदास तडस येथील.

स्त्रियांचा प्रवेश : अनेक आखाड्यांत मातीत उतरण्यास पूर्वी बंदी होती, आता मुली कुस्ती व मल्लखांब दोन्ही शिकतात. याबाबत मते सर्वत्र सारखी नाहीत.

अन्यत्र : जपानी सुमोत मातीचे रिंगण पवित्र मानतात व त्यावर मीठ उधळतात. 

सद्यःस्थिती : स्पर्धा गादीवर होऊ लागल्या, तरी उतरताना गादीला हात लावून तो कपाळी नेणारे मल्ल आहेत. दसऱ्याच्या पूजेत जोडीशेजारी आता डंबेल्सही मांडतात.