एका महिन्याचा हंगाम

इतिहास म्हटलं की आपल्याला राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. आज आम्ही सांगणार आहोत तो इतिहास तेवढा जुना नाही. तो २०१६ सालचा आहे. त्यात तलवार नाही, पण चढाई आहे आणि पकडही आहे. आपल्या देशात बायकांच्या कबड्डीचा एक व्यावसायिक हंगाम झाला होता, त्याची ही हकिकत.

हंगाम हा शब्द आपल्याला कोणी शिकवायला नको. मार्च-एप्रिलमध्ये मोहाचा हंगाम येतो. पावसाळ्यात खरीप येतो. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळायला पडली की मिरचीचा हंगाम आला, हे लहान पोरालाही कळतं. आपण हंगाम कशाला म्हणतो? जे ठरल्या वेळी परत येतं, त्याला. एकदाच येऊन गेलेल्या पावसाला आपण हंगाम म्हणत नाही, अवकाळी म्हणतो. हा फरक लक्षात ठेवा, आजची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्या आज्या ज्याला हुतूतू म्हणत, तीच कबड्डी. माती हवी, चुन्याची रेघ हवी आणि सात-सात जणी हव्यात. चेंडू नको, बॅट नको, बूटही नको. गरिबाघरच्या लेकरांना परवडणारा खेळ. महाराष्ट्रात हा खेळ रुजवण्यासाठी शंकरराव साळवी, म्हणजे बुवा साळवी, आयुष्यभर झटले. त्यांचा जन्मदिवस १५ जुलै आपल्या राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

बायका या खेळात नव्या नाहीत. पुण्याच्या शकुंतला खटावकर यांना १९७० च्या दशकातच कबड्डीसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. पण मोठ्या मैदानाचं दार मात्र पुरुषांना आधी उघडलं. आशियाई खेळांमध्ये पुरुषांची कबड्डी १९९० साली बीजिंगला आली. बायकांची कबड्डी आली २०१० साली, ग्वांगझूला. मधे २० वर्षं गेली. १९९० मध्ये जी मुलगी १८ वर्षांची आणि ऐन जोमात होती, ती २०१० मध्ये ३८ वर्षांची झाली होती. तिच्या हातून काय निसटलं, ते कुठल्याही पदकतक्त्यात लिहिलेलं नाही.

दार उघडल्यावर आपल्या मुलींनी वेळ घालवला नाही. २०१० मध्ये सुवर्णपदक, २०१४ मध्ये इंचिऑनला पुन्हा सुवर्णपदक. मधल्या काळात, २०१२ मध्ये, पाटण्याला बायकांचा विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताने इराणला २५-१९ असं हरवलं. त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के होत्या.

मग २०१४ मध्ये पुरुषांची प्रो कबड्डी लीग सुरू झाली. व्यावसायिक खेळ म्हणजे काय, ते इथे समजून घेऊ. शाळेची किंवा राज्याची स्पर्धा असते, तिथे जिंकलं तर चषक आणि प्रमाणपत्र मिळतं. व्यावसायिक लीगमध्ये संघाचा मालक खेळाडूशी करार करतो. तो हंगामभर खेळण्याचे पैसे देतो. प्रशिक्षक असतो, दुखलं-खुपलं तर डॉक्टर असतो आणि सामने टीव्हीवर दिसतात. म्हणजे खेळ हेच खेळाडूचं काम होतं आणि त्या कामाची मजुरी मिळते. पहिल्या वर्षी सगळ्यात महागडा खेळाडू होता राकेश कुमार. त्याला १२ लाख ८० हजार रुपये मिळाले. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला एका हंगामासाठी २ कोटी ६० लाखांच्या वर बोली लागली. हातपाय तेच, खेळ तोच, दहा वर्षांत मोल किती वाढलं पाहा.

आता आपल्या मुख्य गोष्टीवर येऊ. २०१६ मध्ये पुरुषांच्या लीगचा चौथा हंगाम होता. त्याच्यासोबत आयोजकांनी बायकांची स्पर्धा ठेवली. नाव होतं विमेन्स कबड्डी चॅलेंज. पुरुषांचे संघ आठ होते, बायकांचे तीन. फायर बर्ड्सची कर्णधार होती कर्नाटकची ममता पुजारी, स्टॉर्म क्वीन्सची कर्नाटकचीच तेजस्विनी बाई आणि आइस दिवाजची आपली अभिलाषा म्हात्रे. तिघीही अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या. म्हणजे हौशी पोरींचा खेळ नव्हता तो, देशातल्या सगळ्यात तयार खेळाडू मॅटवर उतरल्या होत्या.

२८ जूनला मुंबईत सुरुवात झाली आणि ३१ जुलैला हैदराबादला शेवट. जेमतेम महिनाभराचा खेळ. तीनच संघ, त्यामुळे सामनेही बोटांवर मोजता येतील एवढेच. पण ते टीव्हीवर दिसले. घराघरांत लोकांनी पाहिलं की बाई चढाईला जाते, समोरच्या सात जणींना अंगावर घेते, बोनस रेषा ओलांडते आणि श्वास रोखून परत येते. कोपऱ्यावरची मुलगी घोट्याला हात घालते आणि बाकीच्या तिघी-चौघी वरून झेपावून चढाईवालीला मध्यरेषेच्या अलीकडेच थोपवतात.

अंतिम सामना झाला स्टॉर्म क्वीन्स आणि फायर बर्ड्समध्ये. स्टॉर्म क्वीन्सने तो २४-२३ असा जिंकला. एका गुणाने! त्याच दिवशी, त्याच शहरात पुरुषांचाही अंतिम सामना झाला. पाटणा पायरेट्सने जयपूरला ३७-२९ असं हरवलं, आठ गुणांनी. चुरस कुठे जास्त होती, ते तुम्हीच ठरवा. त्या रात्री कोणालाही वाटलं असतं की पुढच्या वर्षी बायकांचे तीनाचे पाच-सहा संघ होतील.

पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, संघ खरंच वाढले. आठाचे बारा झाले. पण ते पुरुषांचे. बायकांची स्पर्धा परत आलीच नाही. म्हणून आम्ही सुरुवातीला हंगाम आणि अवकाळी यांतला फरक सांगितला. २०१६ मध्ये आलं ते अवकाळी पावसासारखं आलं. जमीन भिजली, वास सुटला, पण त्यावर पेरणी करता आली नाही.

याने काय बिघडलं, असं कोणी विचारेल. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, जकार्ताला आशियाई खेळ झाले. बायकांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असं हरवलं. आशियाई खेळांतलं बायकांच्या कबड्डीचं सुवर्ण पहिल्यांदाच आपल्या हातून गेलं. आणि इराणच्या त्या मुलींना शिकवणारी बाई कोण होती? नाशिकच्या शैलजा जैन. २०१७ मध्ये त्या इराणला गेल्या, परक्या भाषेत, परक्या रीतीरिवाजांत राहिल्या आणि तो संघ घडवला. आपल्याच राज्यातलं ज्ञान दुसऱ्या देशाच्या कामी आलं. इराणच्या मुली डोकं झाकून, हातपाय पूर्ण झाकून खेळतात. तेव्हा आपल्याकडे कोणी म्हणालं की मुलीने खेळायचं तर कपड्यांचा प्रश्न येतो, तर त्यांना ही गोष्ट सांगा. कपडा आड येत नाही, मन आड येतं.

फक्त लीग नव्हती म्हणून हरलो, असं आम्ही म्हणत नाही. इराणने मेहनत केली होती. आपल्या मुलींनीही पुढे ती केली. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझूच्या आशियाई खेळांत त्यांनी चिनी तैपेईला २६-२५ असं हरवून सुवर्ण परत आणलं. पुन्हा एका गुणाने. त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. आणि ते पदक त्या खेळांमधलं भारताचं शंभरावं पदक ठरलं. ते शंभरावं पदक आणणाऱ्या मुलींसाठी तोवर देशात पुरुषांच्या तोडीची, दरवर्षी भरणारी लीग उभी राहिली नव्हती.

बायकांचे सामने चालत नाहीत, त्यांना प्रेक्षक नसतात, असं सांगितलं जातं. त्यावर अमेरिकेतलं एक उदाहरण बघू. तिथे बास्केटबॉल हा मोठा खेळ. बायकांची व्यावसायिक लीग, डब्ल्यूएनबीए, १९९७ मध्ये आठ संघांनी सुरू झाली. ह्यूस्टन कॉमेट्स या संघाने पहिले चारही हंगाम जिंकले. एवढा मोठा संघ, पण २००८ मध्ये पैशाअभावी बंद पडला. संघ गेला, तरी हंगाम गेला नाही. पुढच्या वर्षी लीग पुन्हा भरली, त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि आजही भरते. आज तिथे खेळणाऱ्या कितीतरी मुली ती लीग बघत बघतच मोठ्या झाल्या. पहिला हंगाम बातमी देतो, पण खेळाडू घडवतो तो दुसरा, तिसरा, दहावा हंगाम. कारण घरात टीव्हीसमोर बसलेल्या मुलीच्या आईला तेव्हा पटतं की हा नुसता नाद नाही, ही वाट आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघू. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, नवापूर, नंदुरबार. सहाही तालुक्यांत आश्रमशाळा आहेत आणि आश्रमशाळेच्या अंगणात कबड्डी आहे. प्रकल्प पातळीवर स्पर्धा होतात, तिथून मुली विभागाला नाशिकच्या संघातून आणि पुढे राज्याला जातात. डोंगर चढून-उतरून तयार झालेले पाय आणि लाकडाची मोळी वाहून तयार झालेले खांदे. दमाची कमतरता आमच्या मुलींना नाही. कमतरता पडते ती दहावीनंतर. कोणाचं लग्न ठरतं. कोणी दिवाळीनंतर आई-बापासोबत ऊसतोडीला गुजरातेत जाते. कोणी घरी राहून धाकट्या भावंडांना सांभाळते. चौदाव्या वर्षी जिने तालुका गाजवला, सोळाव्या वर्षी तिचा खेळ संपतो. तिचाही एकच हंगाम झालेला असतो.

मोठी लीग सुरू करणं आपल्या हातात नाही. पण काही गोष्टी आहेत आणि त्या आम्ही आज हात जोडून सांगतो.

पहिली गोष्ट, मुलीची खेळाची प्रमाणपत्रं जपा. लाल पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा, चुलीजवळच्या फळीवर नको. ठरावीक पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याचे नियम आहेत, प्रमाणपत्राची पडताळणीही लागते, म्हणून शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना वेळेवर विचारा. ममता पुजारी आणि तेजस्विनी बाई यांच्यासारख्या खेळाडूंना लीगने नाही, रेल्वेच्या नोकरीने सांभाळलं, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट, मुलगी सरावाला जाते तेव्हा तिच्या वाटणीचं पाणी भावाने भरावं. एक तासाचा प्रश्न असतो, पण तो तासच मुलीला कोणी देत नाही. तिच्या ताटात एक अंडं, एक मूठ शेंगदाणे जास्त पडू द्या. पाळी आली म्हणून तिला संघातून काढू नका, तिला विचारा.

तिसरी गोष्ट गावाची. दरवर्षी आपण मुलांचे क्रिकेटचे सामने भरवतो, वर्गणी काढतो, मंडप टाकतो. त्याच वर्गणीत मुलींचा कबड्डीचा सामनाही बसतो. बायकांच्या मैदानाला १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद जागा लागते. एखाद्या खळ्यात बसेल एवढीच. बचत गटाच्या बैठकीत विषय काढा, ग्रामसभेत मांडा. एक दिवस ठरवा आणि तो दिवस दरवर्षी पाळा. पहिल्या वर्षी दोनच संघ आले तरी चालेल. बघायला आठ-दहाच माणसं आली तरी चालेल. फक्त दुसऱ्या वर्षी तो सामना पुन्हा भरला पाहिजे. आणि लग्न झालेल्या लेकीला माहेरी बोलवायचं निमित्तही तेच करा. ये बाई, परवा सामना आहे, तुझी चढाई अजून कोणाला जमत नाही.

२०१६ च्या त्या महिन्यात तीन संघ होते आणि एका गुणाने निकाल लागला. हरलेल्या बाजूला पुढच्या वर्षी परतफेड करायची संधीच मिळाली नाही. आपल्या गावातल्या हरलेल्या मुलीला ती मिळू द्या. ज्या गावात असा सामना ठरेल, तिथल्या बायांनी आम्हाला निरोप धाडा. तारीख आम्ही रेडिओवर सांगू, या वर्षीही आणि पुढच्या वर्षीही.