'अणूच्या अंतरंगात': तुरुंगात लिहिलेल्या एका मराठी पुस्तकाचा खटला

#धागा

रायगडाच्या माथ्यावरून पूर्वेकडे पाहिले की लिंगाण्याचा सुळका दिसतो. महाड-पोलादपूरकडच्या प्रत्येकाने लहानपणी ऐकलेले असते की रायगडाचे कारागृह ते. कड्यातल्या गुहेत कैदी उतरवायचा आणि दोराची शिडी वर ओढून घ्यायची, असे सांगितले जाते. त्या कैद्याला काही हक्क होते का, हे त्या काळाला विचारण्यात अर्थ नाही. हा प्रश्न बराच अलीकडचा आहे, आणि स्वतंत्र भारतात त्याचे एक महत्त्वाचे उत्तर अणुविज्ञानावरील एका मराठी पुस्तकामुळे मिळाले. त्याचीच ही गोष्ट.

आधी थोडे बाहेर पाहू. १८७१ साली अमेरिकेत व्हर्जिनियाच्या न्यायालयाने रफिन खटल्यात निर्वाळा दिला की शिक्षा भोगणारा कैदी तेवढ्या काळापुरता राज्याचा गुलाम होय. लक्षात घ्या, गुलामगिरी रद्द होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. पुढे कित्येक दशके तिथली न्यायालये तुरुंगाच्या कारभारात हात घालत नसत. १९६४ साली कूपर विरुद्ध पेट या प्रकरणात, धार्मिक ग्रंथ नाकारल्याची इलिनॉयमधील एका कैद्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने ऐकण्याजोगी ठरवली, तेव्हा ही कोंडी फुटू लागली. ज्या नागरी हक्क कायद्याखाली ती तक्रार होती, तो कायदाही १८७१ चाच. हे साल लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येईल.

आता मुंबई. १९६२ च्या चीन युद्धानंतर आणीबाणी जाहीर झाली होती आणि भारत संरक्षण नियमांखाली अनेकांना विनाचौकशी स्थानबद्ध केले जात होते. कम्युनिस्ट नेते प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे त्यांपैकी एक. मुंबईच्या जिल्हा कारागृहात असताना त्यांनी, सरकारच्या परवानगीनेच, 'अणूच्या अंतरंगात' हे पुस्तक लिहिले. (इंग्रजी निकालपत्रांत आडनाव आणि पुस्तकाचे नाव दोन्ही इतकी वेडीवाकडी छापली आहेत की प्रथम वाचताना मला पुस्तक मराठी आहे हेच उमगले नाही.) हस्तलिखित प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठवू द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. सरकारने ती नाकारली.

संझगिरी उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. पुस्तकात आक्षेपार्ह काही आहे, असे सरकारचे म्हणणे नव्हतेच! ते निखळ विज्ञानाचे पुस्तक होते. सरकारचा युक्तिवाद असा: स्थानबद्ध होताच माणसाचे स्वातंत्र्य संपते, स्थानबद्धतेच्या अटींच्या आदेशात ज्या सवलती लिहिल्या आहेत तेवढ्याच त्याला मिळतात, पुस्तक बाहेर पाठवणे त्या यादीत नाही, सबब परवानगी नाही.

६ सप्टेंबर १९६५ रोजी न्यायमूर्ती सुब्बा राव, शहा आणि बचावत यांच्या पीठाने हे अपील फेटाळले. निकाल सुब्बा राव यांनी लिहिला. अटींचा तो आदेश सवलती वाटण्यासाठी नाही, तो निर्बंध सांगण्यासाठी आहे. जिथे निर्बंध लिहिलेला नाही, तिथे कैद्याचे स्वातंत्र्य शाबूत आहे, असा त्याचा आशय. आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग राष्ट्रपतींच्या आदेशाने रोखला होता, हे खरे. पण स्वातंत्र्य त्या नियमांनुसार हिरावले गेले असेल, तरच तो आदेश लागू. इथे तसा नियमच नव्हता.

म्हणजे प्रश्न फिरला. 'तुला हे करता येते, असे कोठे लिहिले आहे?' हे कैद्याला विचारायचे नाही. 'याला हे करता येत नाही, असे कोठे लिहिले आहे?' हे सरकारला विचारायचे.

महाडकरांना हा प्रश्न ओळखीचा वाटायला हवा. मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर, त्याच वर्षी डिसेंबरात, चवदार तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्यासाठी सवर्णांनी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांवर महाडच्या न्यायालयात दिवाणी दावा लावला. बंदीची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे सिद्ध करण्याचा भार दावा लावणाऱ्यांवर पडला. तो त्यांना पेलला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयातही ते हरले. विषय निराळे, काळ निराळा, तरी पुरावा मनाई करणाऱ्याने द्यायचा, हे सूत्र दोन्हीकडे दिसते.

मात्र संझगिरी निकालाने सगळे मार्गी लागले, असे समजू नका. तो निकाल 'नियम कोठे आहे' एवढेच विचारतो. नियमच अन्यायाचा असेल तर? आणि १९७६ च्या एप्रिलमध्ये, नंतरच्या आणीबाणीत, बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धही दाद मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात म्हटलेच. माझ्या मते १९६५ ची धिटाई तिथे विसरली गेली.

सावरायला दोन वर्षे लागली. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांनी कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि तत्परतेने द्यावी, तिची लेखी पोच घ्यावी आणि गरजूला सरकारी खर्चाने वकील मिळावा, असे ठरवले. गंमत म्हणजे होसकोट यांची स्वतःची याचिका फेटाळली गेली. लाभ झाला तो नंतरच्यांना. पोलादपूरच्या एखाद्या घरातला माणूस अलिबागच्या हिराकोटातल्या जिल्हा कारागृहात असेल, तर भेटीला जाणाऱ्यांना शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. अशा घराला फुकट मिळणारी प्रत आणि वकील ही लहान गोष्ट नाही. पुढे १९८३ मध्ये पत्रकार शीला बरसे यांच्या पत्रावरून मुंबईतील स्त्री-कैद्यांच्या छळाची दखल घेतली गेली आणि स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्यांचे आदेश निघाले.

अन्याय्य नियमाचा प्रश्न मात्र उरला होता. १८७१ याच साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा झाला. मुंबई इलाख्यात तो नंतर आला, १९५२ साली रद्दही झाला. पण त्याची भाषा कित्येक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत टिकून राहिली. कोणत्या जातीच्या कैद्याने झाडू मारायचा आणि कोणी स्वयंपाक करायचा, हेही काही ठिकाणी लिहिलेले होते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी ते उजेडात आणले व त्याविरुद्ध याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने असे नियम घटनाबाह्य ठरवले. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ हा त्याच्या आधारांपैकी एक. नियमावल्या तीन महिन्यांत सुधारा, असा आदेश सर्व राज्यांना मिळाला. आणि तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, असाही.