निसर्ग मंडळ: भेटीगाठी आणि ऋतूंप्रमाणे उपक्रम

पक्षी, झाडे, फुलपाखरे यांची आवड असलेल्या मंडळींनी ठराविक दिवशी भेटावे, एकत्र फिरावे आणि जे दिसले ते लिहून ठेवावे, एवढीच निसर्ग मंडळाची व्याख्या आहे. त्याला ना वयाची अट, ना पदवीची. आपल्या घरांत ही कल्पना नवी नाही. कार्तिकातील आवळीभोजन म्हणजे झाडाखाली जमलेले स्नेहसंमेलनच. त्यात फक्त नोंदवहीची भर घालायची आहे.

पूर्वपीठिका

या प्रकारची देशातील सर्वांत नामांकित संस्था म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ जणांनी ती स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. दर महिन्याला भेटायचे, आपापली निरीक्षणे सांगायची आणि जमवलेले नमुने दाखवायचे, हा सुरुवातीचा कार्यक्रम. काही काळ तर फिप्सन यांच्या मद्याच्या दुकानातील खोलीवरच काम भागले. 1886 पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. जागा लहान असली तरी भेटी आणि नोंदी नियमित होत्या, म्हणून संस्था टिकली.

महाराष्ट्रात आता 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि 12 नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस.

आपल्या भागाचे वर्ष

*हिवाळा (नोव्हेंबर ते फेब्रुवारी):* फिरण्याचा मुख्य हंगाम. तिघरा जलाशयावर स्थलांतरित बदके उतरतात. मुरैन्याजवळ राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात (स्थापना 1979) सुसरी, म्हणजे इकडचे घडियाल, वाळूवर ऊन खात पडलेल्या दिसतात. त्यामुळे सहल सकाळच्या धुक्यात न काढता ऊन वर आल्यावर काढावी. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. फेब्रुवारीत चार दिवसांची अंगणातील पक्षिगणना असते. तीत घराच्या गच्चीवर पंधरा मिनिटे बसूनही भाग घेता येतो, म्हणून गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना ती फार सोयीची. संक्रांतीचा तिळगूळ याच सुमारास येतो, तेव्हा दोन्ही एकत्र करावे.

*उन्हाळा (मार्च ते जून):* फाल्गुनात पळस आणि वैशाखात बहावा फुलतो. चंबळेच्या वाळूच्या बेटांवर पाणचिरा घरटी करतो. तेथे पाय ठेवू नये. सुसरींची अंडी जूनच्या सुमारास फुटतात. देवरी येथील केंद्रात काही पिल्ले वाढवून नदीत सोडली जातात. मुलांना दाखवण्यासारखी ही जागा आहे. एरवी दुपारच्या उन्हात बाहेर न पडता घरोघरी पक्ष्यांसाठी पाण्याची पसरट भांडी ठेवणे, हाच उन्हाळ्याचा उपक्रम. पाणी रोज बदलावे.

*पावसाळा (जुलै ते सप्टेंबर):* वनमहोत्सव जुलैत येतो. रोपे लावण्यापेक्षा जगवणे अवघड, म्हणून प्रत्येक रोप एका कुटुंबाच्या नावे करावे. मखमली लाल मृगाचे किडे, बेडकांचे आवाज, फुलपाखरे यांच्या नोंदी मुलांकडे द्याव्यात.

*शरद (ऑक्टोबर):* 2 ते 8 ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह. कोजागिरीला दुधाबरोबर वर्षाच्या नोंदींचे वाचन ठेवता येते. लांबची सहल हवी असल्यास शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील साख्य सागर 2022 मध्ये रामसर यादीत आला, तर उद्यानाला 2025 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

नोंद कशासाठी?

शिवपुरी जिल्ह्यातील करेरा येथे 1981 मध्ये माळढोकासाठी, म्हणजे सोनचिरैयासाठी, अभयारण्य झाले. तेथील गावांत जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, शेतकरी नाराज झाले, आणि पक्षी कमी होत होत दिसेनासा झाला. पुढे अभयारण्याचा दर्जाही गेला. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. गावकऱ्यांना बाजूला ठेवून कोणताही पक्षी वाचत नाही; म्हणून सहलीत गावातल्या माणसाशी बोलावे, शक्य तर त्यालाच वाटाड्या करावे. दुसरे म्हणजे, घट वेळेवर लक्षात येण्यासाठी दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात मोजणी हवी. खात्यातली घट कळायची तर आधीची शिल्लक लिहिलेली असावी लागते.

नोंदवही

तारीख, वेळ, जागा, हवामान, काय दिसले, किती दिसले आणि सोबत कोण होते, एवढे सात रकाने पुरेत. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहावे. अंदाजाने नाव लिहू नये. काहीच दिसले नाही तर तेही लिहावे. घरट्याजवळ जाऊन छायाचित्र काढू नये. वही एकाच्या घरी अडकू नये म्हणून दरवर्षी ती दुसऱ्या कुटुंबाकडे द्यावी, आणि शक्यतो त्या घरातील सर्वांत लहान लिहित्या सभासदाच्या हाती.